सायलेन्सरच्या अलीकडचा आवाज

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडं राहायला आले. अजिंठ्याला भावाचं घर भरलेलं होतं. शेत होतं, ओटा होता, ओट्यावर सकाळ-संध्याकाळ येऊन टेकणारी माणसं होती. पण आप्पांना त्या माणसांचं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला भरलेल्या ओट्यावर रिकाम्या खोलीपेक्षा जास्त एकटं वाटतं. "थोडे दिवस लेकीकडं जाऊन येतो," असं भावाला सांगून ते एक कापडी पिशवी घेऊन निघाले. थोड्या दिवसांचे किती झाले ते आम्ही कुणीच मोजलं नाही.

आमचा फ्लॅट शहरात, मुकुंदवाडी स्टेशनच्या जवळ आहे. पॅसेंजर थांबून निघाली की स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज हलके थरथरतात. आप्पांनी पहिल्याच आठवड्यात ते गज शोधून काढले. गाडीची वेळ झाली की खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि गजावर तळवा ठेवायचे. गाडी निघून गेली तरी बराच वेळ हात तिथंच असायचा.

त्यांचं सगळं आयुष्य जीप चालवण्यात गेलं. घरची जमीन कोरडवाहू, ती थोरले काका बघायचे. आप्पा फर्दापूरवरून लेणी बघायला आलेली माणसं न्यायचे-आणायचे, जळगाव स्टेशनला सोडायचे, उरलेल्या वेळी अजिंठ्याच्या बाजारची माणसं आणि पोती. डिझेलची जुनी जीप. तिचं इंजिन पायाशी पेटलेल्या चुलीसारखं सतत घुरघुरत असायचं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वय आहेच, पण निम्मं काम त्या जीपनं केलंय. त्यांनी कानात घालायचं मशीन दिलं. आप्पांनी ते मान ठेवून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ते घातलं की भांड्यांची मांडणी डोक्यावर कोसळल्यासारखं होतं म्हणाले.

पण बहिरेपणाची त्यांची तक्रार नव्हतीच. त्रास दुसराच होता.

"कानात रातकिडे बसलेत, माय," एकदा जेवताना ते म्हणाले.

मी कानाशी वाकून विचारलं, "लई आहेत का?"

"शेतभर."

हे रातकिडे दिवसाही ओरडायचे. बाहेरचं ऐकू येणं जसजसं कमी झालं तसतशी यांची किरकिर वाढत गेली. अंगाला झोप हवी असायची. खुर्चीत मान कलंडायची, आणि तेवढ्यात कुणी हाक मारल्यासारखे ते दचकून जागे व्हायचे. चेहरा उतरत चालला. चहाचा कप तोंडाशी नेता नेता ते मध्येच थांबायचे आणि कशाकडं तरी लक्ष द्यावं तसे बसून राहायचे. मी चिकलठाण्याला एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. ओल्या कागदावर बी मांडायचं, ठरलेल्या उबेत ठेवायचं आणि कोंब फुटायची वाट बघायची. तिथं इतकी शांतता असते की कधी कधी वाटायचं, आप्पांना इथं आणून बसवलं तर ते वेडे होतील.

डॉक्टर म्हणाले होते की एखादा मंद, एकसारखा आवाज जवळ असला तर कानातला आवाज मागं सरतो आणि झोप लागते. मग आम्ही पंखा मोठ्यानं लावून बघितला. रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकवून ठेवला. माझ्या नवऱ्यानं मोबाईलवर नदीचा आवाज शोधला आणि फोन उशीखाली ठेवला. नवऱ्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करणाऱ्यांचं. कुठलंही काम तो नेमून दिल्यासारखं मन लावून करतो. उशीवर डोकं ठेवून आप्पांनी ती नदी बराच वेळ ऐकली. मग त्यांनी जावयाकडं बघून मान हलवली आणि म्हणाले, "हे पाणी वल्लं नाय."

दिवाळीनंतर आम्ही अजिंठ्याला जाऊन आलो. आमची गाडी जुनी आहे, तीही डिझेलचीच, पण बंद काचांत तिचा आवाज जेमतेम कळतो. गाडी मीच चालवते. आप्पांनीच मला जीपवर शिकवलं होतं, कपाशीच्या दोन शेतांमधल्या वाटेवर. गिअर टाकताना डोळे मिटून आवाज ऐक म्हणायचे. नवऱ्याला चालवायला येत नाही आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. तो मागं पेपर घेऊन बसतो.

परतताना गोळेगाव सोडलं आणि एक गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी आपटली, खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गाडी एकदम गर्जायला लागली. मी बाजूला घेऊन थांबले. नवरा वाकून बघून आला. सायलेन्सरकडं जाणारा नळ पुढच्या जोडापाशी तुटून लोंबत होता. जवळच्या चहाच्या टपरीवाल्यानं कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा काढून दिला, त्यानं आम्ही तो नळ वर बांधला. रविवार होता, सिल्लोडला फोन करून विचारलं तर गॅरेजवाले लग्नाला गेलेले. हळूहळू जाऊ, असं ठरवून निघालो. सिल्लोडच्या बाजारात माणसं वळून बघत होती. नवऱ्यानं लाज वाटून पेपर तोंडापुढं धरला.

आळंदच्या पुढं माझं लक्ष शेजारी गेलं. आप्पांची हनुवटी छातीवर टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं, दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. एका हातानं मी त्यांचं मनगट धरलं. ऊन लागलेल्या दगडासारखं उबदार होतं. छाती हलत होती. आप्पा झोपले होते.

मी आरशात नवऱ्याकडं बघितलं. त्यानं पेपर खाली घेतला होता. बोलून काही ऐकू आलं नसतंच, म्हणून त्यानं हातानंच खूण केली: चालव, थांबू नको.

फुलंब्री गेलं, चौक्याचा घाट गेला, हर्सूल आलं. सिग्नलला थांबलो, निघालो, कुणी हॉर्न दिले, कुणी काच खाली करून आम्हाला बोल लावले. आप्पा हलले नाहीत. घराखाली येऊन मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं त्याच क्षणी त्यांनी डोळे उघडले.

"आलं का फर्दापूर?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नळ जोडायला टाकण्याआधी नवऱ्यानं गाडीच्या मागं उकिडवं बसून तो आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला. संध्याकाळी मोठ्या स्पीकरवर लावला. आप्पांनी सभ्यपणानं ऐकला. "टीव्हीतली जीप हाय ही," ते म्हणाले. मग छातीवर हात ठेवून, "इथं नाय वाजत."

गाडी नीट होऊन आली. चार दिवसांनी मी त्यांना देवळात घेऊन निघाले. गाडी सुरू झाली, गल्लीतून बाहेर पडली, मोठ्या रस्त्याला लागली. आप्पा आधी पायाखाली बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले.

"नीट कामून केली?" त्यांनी विचारलं.

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि देऊळ येईपर्यंत तसंच ठेवलं. देवळात मी हात जोडून उभी होते, पण डोळ्यांपुढं तो लोंबणारा नळ होता.

सायलेन्सरचं काम करणारा माणूस स्टेशनकडच्या रस्त्याला बसतो. साठीला आलेला, दाढी मेंदीनं रंगवलेली, दुकानात छतापासून जमिनीपर्यंत गंजके नळ टांगलेले. मी त्याला विचारलं की गाडी पाहिजे तेव्हा मोठ्यानं आणि पाहिजे तेव्हा शांत चालेल असं काही करता येतं का.

"येतं की," तो म्हणाला. "कटआउट म्हणतात त्याला."

त्यानं जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. इंजिनातून धूर नळानं सायलेन्सरकडं जातो. सायलेन्सरच्या अलीकडंच त्या नळाला एक फाटा काढायचा. फाट्याच्या तोंडाशी एक झडप, झडपेला छोटी मोटर, मोटरची वायर आत बटणापर्यंत. बटण दाबलं की झडप उघडते आणि धूर सायलेन्सरला न विचारता बाहेर पडतो, त्याच्यासोबत आवाजही. पुन्हा दाबलं की झडप बंद, गाडी पहिल्यासारखी गुमान.

"लेकिन ताई, ये काम शौकीन पोरं करून घेतात. तुम्हाला कशाला पायजे? आणि कायद्यात बसत नाय हे. पोलिसानं पकडलं तर मपलं नाव सांगू नका."

मी त्याला आप्पांचं सांगितलं. गोळेगावापासून मुकुंदवाडीपर्यंतची झोप सांगितली. त्यानं खडू खिशात टाकला आणि म्हणाला, "चाचांना घेऊन या."

त्याआधी मी कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. ज्या आवाजानं आप्पांचे कान नेले तोच मी पुन्हा विकत घ्यायला निघाले होते, याचं मला ओझं वाटत होतं. डॉक्टर आधी हसले, मग विचारात पडले. असलं औषध लिहून देता येत नाही म्हणाले. मग एवढं सांगितलं की उरलंय ते जपायचं. त्या आवाजातही शेजारच्याशी बोलता यायला हवं, त्यापेक्षा मोठा नको, आणि तुमच्या कानात कापूस घाला. पोलिसांचं मात्र त्यांना विचारायचं मी टाळलं. घरी नवऱ्यानं तेवढंच विचारलं. मग म्हणाला, गावाबाहेर, मोकळ्या रस्त्यावर, हळू. तेवढं मी मान्य केलं.

काम एका दुपारी झालं. आप्पा स्टुलावर बसून बघत होते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या की सगळे तोंड फिरवायचे, आप्पा डोळे बारीक करून तिकडंच. बटण कुठं बसवायचं असा प्रश्न आला. सायलेन्सरवाला स्टिअरिंगच्या शेजारी भोक पाडणार, तेवढ्यात आप्पांनी आपल्या बाजूच्या कप्प्यावर बोट ठेवलं. "इथं बसव. मपल्या हाताशी." तिथंच बसवलं. काळं, बोटाच्या पेराएवढं बटण. लागलं की त्यात लाल ठिपका दिसायचा.

पहिल्यांदा फाट्याचं तोंड त्यानं पुढच्या सीटच्या बरोबर खाली ठेवलं होतं. बीड बायपासला एक चक्कर मारली तर धुराचा वास आत यायला लागला. तशीच परत आले. सायलेन्सरवाल्यानं खाली शिरून बघितलं आणि चूक आपली म्हणाला. नळ वाढवून त्यानं तोंड डाव्या अंगाला, दाराच्या मागं बाहेर काढलं. गाडी हातात देताना काचा खाली करायला लावल्या आणि दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या: उभ्या गाडीत कधीच उघडायचं नाही, आणि काचा उघड्या ठेवायच्या.

"धुरानं बी झोप लागते, ताई," तो म्हणाला. "ती वेगळी."

मग आमचे रविवार सुरू झाले.

उजाडता उजाडता आम्ही निघायचो. थंडीचे दिवस, आप्पांना स्वेटर, कानटोपी, वरून शाल, कारण काचा उघड्या. हर्सूलपर्यंत गाडी मुकाट चालायची. चौक्याचा घाट मागं पडून दोन्हीकडं शेतं लागली की मी मान हलवायची आणि आप्पा बटण दाबायचे. आधी पायाखाली एक बारीकशी कुरकुर व्हायची, झडप उघडल्याची. मग तो आवाज यायचा. मोठा नव्हता, मी गाडी हळूच ठेवायची. रांजणात तोंड घालून कुणी लांब हुंकार भरावा तसा. सीटमधून पाठीत चढायचा, स्टिअरिंगवरून मनगटात यायचा. आप्पा शाल सारखी करायचे, दोन्ही पाय चपलेतून काढून खाली पत्र्यावर टेकवायचे. थोडा वेळ रस्ता बघायचे. धुक्यात मका, कपाशीच्या पऱ्हाट्या, एखाद्या विहिरीवरचा दिवा अजून लागलेला. मग त्यांच्या पापण्या जड व्हायच्या, आणि पुढचा सगळा रस्ता माझ्या एकटीचा व्हायचा.

नवरा कधी यायचा, कधी नाही. मला तो एकटेपणा आवडायला लागला होता. कानातल्या कापसामुळं बाकीचं जग दूर गेल्यासारखं वाटायचं. शेळ्या रस्ता ओलांडायच्या त्या चित्रातल्यासारख्या, ट्रॅक्टरवरचा माणूस ओठ हलवून काही म्हणायचा आणि मागं राहायचा. उन्हाचा पहिला पट्टा आप्पांच्या गुडघ्यावर पडायचा, मग सरकत हातावर यायचा. मी कुठं चाललेय हेही कधी कधी विसरायची. त्यांना जागं करायचं नाही, एवढंच काम. त्यामुळं वळायचं तिथं वळायची नाही. सिल्लोड मागं पडायचं. एकदा तशीच अजिंठा ओलांडून घाट उतरून फर्दापूरला गेले आणि तिथून वळून परत आले. भावाच्या दारावरून दोनदा गेलो आणि थांबलो नाही.

त्या घाटात मला लहानपण भेटलं. संध्याकाळी आप्पांची जीप घाट चढायला लागली की आवाज गावात आधी यायचा, जीप खूप मागाहून. खालच्या वळणाला तो आवाज जाड असायचा, मध्ये दरीत बुडून नाहीसा व्हायचा, मग वरच्या वळणाला एकदम कानाशी. खालच्या वळणाचा आवाज आला की आई पिठाला पाणी लावायची, आणि आप्पा दारात येईपर्यंत पहिली भाकरी तव्यावर फुगलेली असायची. आज मीच तो आवाज घेऊन घाट चढत होते. शेजारी आप्पा झोपलेले, आणि मला गाडीत भाकरीचा वास येत होता. खरंच येत होता. मी दोनदा श्वास ओढून बघितला.

त्या झोपेनं आप्पा बदलले. गाल भरले असं म्हणणार नाही, पण डोळ्यांखालचं काळं ओसरलं. रविवारनंतर एक-दोन दिवस घरीही त्यांचा डोळा लागायचा. "रातकिडे पांगलेत जरा," म्हणायचे. जावयासोबत पत्ते खेळायला लागले, आणि जिंकण्यासाठी पत्ते लपवायलाही. नवरा घरातल्या घरात त्यांना 'मामा, हे नियमात बसत नाही' असं ओरडून सांगायचा, आणि शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण चाललंय.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अवकाळी पाऊस झाला. त्या रविवारी नवराही सोबत होता. फुलंब्रीच्या अलीकडं पुलाचं काम चाललं होतं, गाड्या शेतातून वळवल्या होत्या आणि ती वाट नुसता चिखल झाली होती. आम्ही डुलत डुलत पार झालो. परतताना चौका आला, मी झोपलेल्या आप्पांच्या पुढून हात घालून बटण दाबलं. लाल ठिपका गेला. आवाज गेला नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. झडपेत चिखल जाऊन बसला होता, आणि ती उघडीच अडकली होती.

थांबून बघायला हवं होतं. पण आप्पा झोपले होते, आणि घर जवळ आलं होतं. हळूच जाऊ, असं मी मनाशी म्हटलं. घाट उतरून हर्सूलच्या वस्तीत शिरलो. मोकळ्या रानात हुंकारासारखा वाटणारा तो आवाज दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. दुकानांतली माणसं बाहेर आली. पुढच्या चौकात वाहतूक पोलिसानं हात केला. तो आमची वाटच बघत उभा होता. आम्ही येतोय हे त्याला केव्हाच कळलं होतं.

मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. आप्पा जागे झाले.

पोलीस तरुण होता. चढ्या आवाजात बोलला नाही. कागद बघितले, खाली वाकून नळ बघितला, बटण बघितलं, आणि हे चालत नाही म्हणाला. मला त्यात काही खोटं सांगण्यासारखं नव्हतं. नवरा मागून उतरला आणि सासऱ्यांच्या कानाचं, झोपेचं सांगायला लागला. सांगता सांगता त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. पोलीस पावती करायला लागला.

रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत एक बाई उभी होती. तिच्या खांद्यावर तान्हं बाळ होतं, आणि ते जीव खाऊन रडत होतं. बाई त्याला थोपटत होती, हलवत होती, पाठीवरून हात फिरवत होती. आप्पांचं लक्ष तिकडं गेलं. त्यांना रडणं ऐकू येत नव्हतं. लाल झालेलं तोंड आणि ताठ झालेल्या मुठी तेवढ्या दिसत होत्या.

"ते लेकरू कामून रडतंय?" त्यांनी विचारलं.

पोलिसानं पावतीवरून मान वर केली, खिडकीशी वाकला आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "तुमच्या गाडीनं दचकलं, बाबा. झोपलेलं होतं."

आप्पांनी दार उघडलं. चपला पायात नव्हत्या, तसेच उतरले. मी मागोमाग गेले. त्या बाईसमोर जाऊन ते उभे राहिले, बाळाच्या डोक्याजवळ हात नेला, पण लावला नाही. तिला काय वाटलं कुणास ठाऊक. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली की राहील आता, भूक बी लागली असंल. आप्पांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी हात जोडले आणि परत आले.

गाडीला टेकून ते थोडा वेळ उभे राहिले. पायाला रस्त्याचा चिखल लागला होता.

"काढून टाक हे," ते म्हणाले.

मी कानाशी जाऊन म्हटलं की झडप अडकली म्हणून झालं, नीट करून घेऊ, गावात नाहीच उघडायची.

"नाय, माय. मला झोप यावी म्हणून दुसऱ्याची मोडायची नाय."

एवढं म्हणून ते आपल्या जागेवर जाऊन बसले आणि काच वर केली.

गाडी सुरू करायची तर झडप बंद करणं भाग होतं. माझा नवरा, ज्यानं आयुष्यात गाडीचं टायरही बदललं नव्हतं, तो रस्त्यावर पेपर अंथरून त्यावर उताणा झाला आणि गाडीखाली शिरला. पोलिसानं त्याला एक काडी आणून दिली, मग पाना आणून दिला. बाहेर नुसते पाय दिसत होते. बराच वेळ खुडबुड झाली, मग खट्ट असा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा पांढऱ्या शर्टाचं काही राहिलं नव्हतं. "बसली," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी पूर्वी क्वचितच बघितला होता. आप्पांनी काचेआडून त्याला मान डोलावून दाद दिली.

दुसऱ्या दिवशी सायलेन्सरवाल्यानं फाटा कापला आणि त्या जागी पत्र्याचा तुकडा जोडून टाकला. काढलेली झडप हातात घेऊन त्यानं विचारलं, नेणार का. मी नको म्हटलं. बटणाच्या जागी कप्प्यावर एक गोल भोक राहिलं. काही दिवस त्यातून वारा येतोय असं वाटायचं. मग नवऱ्यानं त्यावर चिकटपट्टी लावली.

मला वाटलं होतं, रविवारही संपले. पण पुढच्या रविवारी उजाडताना आप्पा कानटोपी घालून दाराशी तयार. थंडी केव्हाच सरली होती. मी काही न विचारता किल्ली घेतली.

त्या दिवशी ते झोपले नाहीत. आवाज नव्हता, म्हणून बोलत राहिले. रस्ता रुंद करताना वड गेले ते कुठं कुठं होते ते हातानं दाखवत होते. अमक्या वळणाला एक मास्तर जीपच्या टपावरून उतरायलाच तयार नव्हता. तमक्या ओढ्यात परदेशी पाहुण्यांची जोडी तीन तास अडकली आणि बाईनं आप्पांना कागदावर त्यांचंच चित्र काढून दिलं. हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. उत्तर द्यायला ओरडावं लागायचं, म्हणून मी नुसती मान हलवत होते, आणि ते माझी मान बघून पुढं सांगत होते. एकदाच ओरडून रातकिड्यांचं विचारलं. ते म्हणाले, हायेत, कुठं जातील. त्यांचं ते ओरडतात, मपलं मी बोलतो.

अजिंठ्याचा घाट उतरताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "दुसऱ्यातच ठेव. ब्रेक नको लावू." मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सोडून दिली. उतारानं ओढलेलं इंजिन जड होऊन घुमायला लागलं, अगदी हलकं, कायद्यात बसणारं. मागून एक ट्रक हॉर्न देत होता, त्याला मी हातानं पुढं जा म्हटलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले होते की ऐकत होते ते मला वळणांच्या नादात बघता आलं नाही.

फर्दापूरला मी चिंचेच्या सावलीत गाडी उभी केली आणि चारही काचा उतरवल्या. पर्यटकांची बस नुकतीच लागली होती. दगड विकणारे, टोप्या विकणारे तिच्याभोवती जमले होते. एकानं आमच्या खिडकीशी येऊन चमकणारा दगड दाखवला, आप्पांकडं बघितलं आणि पाय न वाजवता निघून गेला. आप्पा झोपले होते. इंजिन बंद होतं, कुठला हुंकार नव्हता, पायाखाली काही थरथरत नव्हतं, आणि ते गाढ झोपले होते. मी उतरले नाही. चिंचेची बारीक पानं बॉनेटवर पडत होती. त्यांच्या ओठांवर मध्येच हसू यायचं आणि विरायचं.

ऊन गुडघ्यांवर आलं तेव्हा ते जागे झाले. दचकले नाहीत. समोर बघत, कुणाला तरी नुकतंच सोडून आल्यासारखे बसून राहिले.

"सपनात मला सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. "एक बी रातकिडा नाय. तुही माय बी बोलत व्हती."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "काय म्हणत होती?"

"भांडत व्हती." त्यांनी शाल बाजूला केली आणि चपला पायानं चाचपल्या. "लई दिवसांनी भांडली. मी मधी बोललोच नाय, म्हणलं चालू दे." मग टपरीकडं बघून म्हणाले, "चहा सांग. साखर कमी."